न फाटणाऱ्या वहीची मोहीम

वाचणाराची नजर शाबूत राहो आणि ऐकणाराचे चित्त ठिकाणी राहो. ही हकिकत कोणा हुजुरांचे मर्जीखातर लिहिली नाही, बिदागीची आशा धरूनही लिहिली नाही. केवळ जे घडले ते कागदी राहावे, आणि उद्या कोणी नाकाने कांदे सोलत 'ऐसे काही जाहलेच नव्हते' म्हणू लागला तर त्याचे पुढे टाकावयास चार पाने असावी, एवढ्याच मतलबाने लिहिली. हकिकत एका वाचनालयाचे जिल्दसाजी खात्याची. जिल्दसाजी म्हणजे फाटकी पुस्तके उसवणे, पाने जुळवून पुन्हा शिवणे, पाठीस खळ आणि कागद लावणे, पुठ्ठा चढवणे आणि दाबाखाली सरळ करणे. लोक त्यास बाइंडिंग म्हणतात. बखरीत बाइंडिंग शोभत नाही म्हणोन जिल्दसाजी म्हटले आहे. वाचणाराने मनात हवे ते म्हणावे.

पूर्वकाळी या खात्याचा मुलूख थोर होता. तळमजल्याच्या तीन खोल्या, मागला व्हरांडा आणि पाण्याचा एक स्वतंत्र नळ, इतके सारे जिल्दसाजांचे अमलाखाली होते, आणि तेथे अकरा माणसे टाके घालीत असत. मग एके साली वर्तमानपत्र विभागाचे लोक 'दोन दिवस बाकडी ठेवतो' म्हणोन आले आणि पहिली खोली गेली. मग नियतकालिकांचे गठ्ठे आले, ते पाहुण्यांसारखे दारात बसले आणि घरच्यांसारखे आत पसरले, आणि दुसरी खोली गेली. व्हरांडा सायकलींनी घेतला. नळ कोणी घेतला ते दप्तरी नाही, पण एके सकाळी त्यास कुलूप होते. आणि दर खेपेस वरून गोड शब्द येत, की हे शेवटचे, याउपर तुम्हांस कोणी हलवणार नाही. आणि जिल्दसाज भोळे, शब्दावर इतबार ठेवून आपले दाब आणि पुठ्ठे उचलून मागे सरकत. येणेप्रमाणे सरकता सरकता अकरा माणसांची दोन राहिली आणि मुलूख एका खोलीवर आला.

पण ती खोली उत्तरेची. तिला एक खिडकी, पुरुषभर उंच, आणि तीतून सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखा उजेड येई. डोळ्यावर ऊन नाही, हातावर सावली नाही. शिवणाराला याहून मोठी जहागीर नाही. अठरा वर्षांमागे त्या वेळचे ग्रंथपाल, जे पुढे कैलासवासी जाहले, भला माणूस, त्यांस दोन खोल्या काढून घेतल्याची शरम वाटली आणि त्यांणी जाड कागदावर स्वदस्तुराने तहनामा लिहून दिल्हा. कलम एकच: जिल्दसाजांनी दोन खोल्या सोडल्या त्याचे बदली उत्तर खिडकीची खोली टेबलासुद्धा त्यांची, आणि जोवर या वाचनालयात पुस्तके फाटतील तोवर त्यांस तेथून कोणी उठवू नये. खाली सही, शिक्का, तारीख. प्रती दोन केल्या. एक कचेरीत राहिली, एक जिल्दसाजांचे मुख्य आक्का यांचे हाती दिली.

या आक्का म्हणजे खात्याच्या सरदार. वय छप्पन्न, नोकरी एकतीस वर्षे, बोलणे टाक्यासारखे, थोडके आणि घट्ट. त्यांचे फौजेत शिपाई एकच, खळवाले अण्णा. खळ शिजवणे, पुठ्ठा कापणे, दाब आवळणे आणि दर गोष्टीचे वाटोळे होणार असे आगाऊ सांगणे, ही त्यांची कामे. पहिली तीन ते मन लावून करीत, चौथे जीव ओतून करीत.

ऐसे असता मार्च सरता सरता वाचनालयावर नवे व्यवस्थापक नामजाद होऊन आले. त्यांचे खिशात सदा मोजमापाची फीत, आणि बोलता बोलता ती सर्रकन बाहेर काढून समोरचे काहीही मोजण्याची त्यांस खोड, म्हणोन लोक त्यांस फीतवाले साहेब म्हणू लागले. त्यांणी कपाटे मोजली, दारे मोजली, आणि अण्णा वाकून खळ ढवळीत असता अण्णांचीही रुंदी मोजली असे अण्णा सांगतात; त्यास दुसरा साक्षीदार नाही. मग फर्मान सुटले, की उत्तर खिडकीचे खोलीत काचेचे लंबगोल टेबल येणार, भोवती चाकांच्या बारा खुर्च्या येणार आणि खोलीचे नाव चर्चाकक्ष होणार. सबब जिल्दसाजी खात्याने सोमवारपावेतो जिन्याखाली मुक्काम हलवावा. कारण, पुस्तके आता संगणकात भरली जात आहेत आणि संगणकातली पुस्तके फाटत नाहीत. चर्चाकक्षात चर्चा कशाची करावयाची ते ठरले नव्हते. त्याचीही चर्चा तेथेच व्हावयाची होती.

सोमवारी कूच जाहले. पुढे दाब, मागे खळीचे पातेले, मग पुठ्ठे, मग दोऱ्याची रिळे, आणि सर्वांमागे आक्का, हातात सुयांची डबी. जिन्याखालचा मुलूख एका अंगास सात फूट उंच आणि दुसऱ्या अंगास गुडघाभर, त्यामुळे अण्णांनी पहिल्याच दिवशी नऊ वेळा डोके आपटून घेतले. डोक्यावरून वाचकांचे पाय चालत आणि दर पावलास चिमूटभर धूळ खळीत पडे. उजेडास एक ट्यूबलाइट होती, ती आपल्या मर्जीने लागे आणि आपल्या मर्जीने फडफडे.

आता या हकिकतीचे मर्म सांगतो. त्या सोमवारी आक्कांनी दोऱ्यास मेण लावले, सुई उचलली आणि दोरा ओवावयास गेल्या, तो दोरा ओवला गेला नाही. पुन्हा गेल्या, पुन्हा नाही. सात वेळा गेल्या. मग त्यांणी सुई डबीत ठेवली आणि आज पुठ्ठेच कापूया असे सहज बोलल्यासारखे बोलल्या. दुसरे दिवशी अण्णांस म्हणाल्या, "बसलाच आहात तर दहा-बारा सुया ओवून ठेवा, वेळ वाचेल." अण्णांनी ओवल्या. शिवता येत नाही अशी जिल्दसाज ठेवून काय करायची, हा सवाल कोणी त्यांस विचारला नव्हता. त्यांणी स्वतःच स्वतःस विचारला. खिडकी परत मिळाली तर हात चालेल, न मिळाली तर राजीनामा, इतका सरळ मामला त्यांणी मनाशी ठरवला आणि कोणास सांगितला नाही.

मग आक्कांनी अर्ज गुदरला, की तहनाम्याप्रमाणे खोली आमची. फीतवाल्यांचे उत्तर आले, की ऐसा कागद कचेरीचे दप्तरी नाही, मागले महिन्यात जुन्या फायली रद्दीत गेल्या, तुमचेकडे असेल तर दाखवा. आक्कांनी दुसरा अर्ज थेट वाचनालयाचे अध्यक्षबाईंकडे धाडला. या बाई पूर्वी एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, वय ऐंशीला टेकलेले, आणि त्यांचे पुढे फीतवालेही फीत खिशात ठेवून उभे राहत. बाईंनी अर्जावरच शेरा मारला: पुढल्या गुरुवारी सभा आहे, कागद घेऊन या, ऐकून घेईन. काचेचे टेबल शुक्रवारी यावयाचे होते. म्हणजे मोहिमेस दिवस मिळाले नऊ.

तेव्हा जिन्याखाली खलबत बसले. अण्णा खळ ढवळता ढवळता म्हणाले, "आपली प्रत आहे ना, आक्का? तुम्ही जपून ठेवली असेल."

"ठेवलीय की. फारच जपून."

"कुठं?"

"दाखल रजिस्टरच्या पाठीत."

अण्णांचा पळा खळीत तसाच राहिला. दाखल रजिस्टर म्हणजे वाचनालयात येणाऱ्या दर पुस्तकाची नोंद ठेवणारी वही, चार बोटे जाड, उचलावयास दोन हात लागत, आणि ती फीतवाल्यांचे खोलीत कुलपाचे कपाटात नांदत होती. घडले होते ते ऐसे. सतरा वर्षांमागे तपासणीस येणार म्हणोन ती वही एका दिवसात बांधून द्यावी असा हुकूम आला, आणि पाठीस लावण्याचा जाड कागद नेमका संपला, आणि टेबलावर एक जाड, चिवट, नामी कागद पडला होता. जिल्दसाजाचे टेबलावरचा जाड कागद जिल्दसाजास कागद दिसत नाही, अस्तर दिसते. हाताने खळ लावली, हातानेच चिकटवला, वर कापड चढवले, वही दाबाखाली गेली. तिसरे दिवशी आक्का तहनामा शोधू लागल्या तेव्हा त्यांचे ध्यानी आले. साऱ्या पृथ्वीवर आपली सनद आपल्याच हाताने शत्रूचे वहीत चिकटवून वर इस्त्री फिरवणारे लोक दुसरे कोणी असतील ऐसे वाटत नाही.

"सतरा वर्षं तुम्ही गप्प बसलात?" अण्णांनी विचारले.

"काय सांगणार होते? सनद चिकटवली म्हणून?"

"आता काही खरं नाही आपलं," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी खुलला.

मसलत कठीण होती. कपाट फोडून वही आणावी तर ती चोरी, आणि आक्कांनी एकतीस वर्षांत कोणत्याही पुस्तकास दुरुस्ती चिठ्ठीवाचून हात लावला नव्हता. कायदा असा, की पुस्तक फाटले तर कचेरी चिठ्ठी लिहिणार, चिठ्ठीसह पुस्तक जिल्दसाजांकडे येणार, मग त्यांस ते उसवण्याचा हक्क. सबब रजिस्टर फाटले पाहिजे, आणि ते कचेरीतच, शत्रूचे मुलखात फाटले पाहिजे. म्हणजे आत कोणी आपले माणूस हवे. आत माणूस होते. फीतवाल्यांचे कचेरीची लेखनिक ही आक्कांची सख्खी नणंद होती, आणि दोघींत चार वर्षे बोलणे नव्हते.

त्याचेही कारण नमूद केले पाहिजे. आक्कांचे सासरचे एकत्र घर मोडले तेव्हा भांडीकुंडी वाटली गेली, आणि घाईत प्रेशर कुकरचे भांडे नणंदेकडे गेले आणि झाकण आक्कांकडे राहिले. आधी भांडे कोणी द्यावे की आधी झाकण, यावर वाटाघाटी चालू होऊन मोडल्या. तेव्हापासून एकीकडे भांडे आणि एकीकडे झाकण, आणि दोन्ही घरांत डाळ उघड्या पातेल्यात शिजत होती.

आक्कांनी दुसरे दिवशी दुपारी पिशवीत झाकण घातले आणि एकट्या कचेरीत वकिलातीस गेल्या. साहेब कपाटांचे मोजमाप घेत वरल्या मजल्यावर होते. नणंदबाईंनी टंकलेखन थांबवले नाही.

"वन्सं," आक्का म्हणाल्या.

"बोला वहिनी."

"झाकण आणलंय."

"चार वर्षांनी?"

"काम आहे."

"ते दिसलंच पिशवीवरून. काय काम?"

आक्कांनी सारे सांगितले, खळीसकट सांगितले. फक्त सुईचे सांगितले नाही. नणंदबाईंची बोटे मध्येच थांबली. मग त्या म्हणाल्या, "झाकण परत न्या. काम झालं तर घेईन. आत्ता घेतलं तर तुम्हीच म्हणाल, झाकणावर विकली गेली."

आक्का झाकण घेऊन परतल्या. सलूख जाहला की नाही ते त्यांस कळेना, आणि विचारण्याची सोयही नव्हती.

पण चौथे दिवशी दुरुस्तीच्या पुस्तकांचा गठ्ठा आला, आणि एका पाककृतीच्या पुस्तकातून चिठ्ठी निघाली. वर पुस्तकाचे नाव ठीक होते, खाली मात्र लिहिले होते: 'खालचा कप्पा, उजवीकडे. किल्ली टाचण्यांच्या डबीत. पाठ अजून भक्कम.' आक्कांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि खळीत बुडवून नाहीशी केली. हेरखाते सुरू जाहले होते.

पुढले दिवशी एक मोठा नकाशासंग्रह आला, त्यास चिठ्ठी लावली होती: 'उत्तर बाजू संपूर्ण सुटली. तातडीने पाहावे.' अण्णांनी वाचले. उत्तर खिडकी पडली, शत्रूने मुदतीआधीच टेबल आणले, असे म्हणोन त्यांणी एक जाड पुठ्ठा ढालीसारखा छातीशी धरला, आक्कांनी लांब पोलादी पट्टी घेतली, आणि दोघे उत्तर खोलीवर चालून गेले. दार ढकलून पाहतात तो आत कोणी नाही. खिडकी जागची जागी, आणि तीतून येणारा उजेड मोकळ्या टेबलावर पडलेला. मग माघारी येऊन नकाशासंग्रह उघडला, तो त्यातील उत्तर ध्रुवाकडची पाने खरोखरच सुटली होती. आक्कांनी ती मुकाट्याने चिकटवली. अण्णांनी मात्र त्या खेपेस खोलीत आपण पाऊल ठेवले होते, म्हणजे एक घटका तरी ती आपल्या ताब्यात होती, असे धरून ठेवले आहे.

आता रजिस्टरचा वेढा. नणंदबाई नोंदीच्या निमित्ताने वही रोज बाहेर काढीत, आणि ती उताणी करून, दोन्ही पुठ्ठे मागे टेकेपर्यंत उघडून, पुन्हा मिटून, पुन्हा उघडून, दिवसास साठ साठ वेळा तिची परीक्षा पाहत. वही हूं की चूं करीना. मग तिला एकाच पुठ्ठ्यास धरून लोंबती ठेवली. टाका ढिला पडला नाही. मग शनिवारी ती हातून निसटली ऐसे दाखवून टेबलावरून पाडली, सोमवारी कपाटावरून पाडली, आणि मंगळवारी खुर्चीवर चढून डोक्यावरून पाडली. त्या संध्याकाळी चिठ्ठी आली: 'फरशीला तडा. वही शाबूत. तुम्ही काय घालून शिवता वहिनी?'

आक्कांनी ती चिठ्ठी बुडवली नाही. तो टाका त्यांणी स्वतः घातला होता, मेण दोनदा लावले होते, आणि पाठीचा कागद तर अव्वल होता. चिठ्ठी वाचून त्यांचा ऊर भरून आला, आणि त्याच क्षणी रडूही आले, कारण आपल्या हातांनी केलेले इतके चांगले काम आपल्यालाच आडवे येत होते. अण्णांनी मान हलवली आणि म्हणाले, "जरा वाईट बांधली असती तर काय बिघडलं असतं?"

गुरुवार उजाडला. सभा अध्यक्षबाईंचे खोलीत भरली. बाई मधोमध, बाजूस चहाची किटली विजेवर खदखदत, भिंतीस फीतवाल्यांचा रंगीत आराखडा, त्यात काचेचे टेबल निळे आणि खुर्च्या पिवळ्या. नणंदबाई सभेचे टिपण घ्यावयास बसल्या होत्या आणि त्यांणी वहिनीकडे पाहिलेही नाही. फीतवाल्यांनी निवेदन केले, की जागा इतकी, वापर इतका, फुकट जाणारी जागा इतकी, आणि कागद कोठेही नाही. मग बाईंनी आक्कांस विचारले, की कागद आणला काय.

"आणला नाही," आक्का म्हणाल्या. "तो साहेबांच्याच कपाटात आहे. दाखल रजिस्टरच्या आत, पाठीत. मीच लावला होता."

खोलीत कोणी हसले नाही, कारण बाई हसल्या नव्हत्या. रजिस्टर आणवले. फीतवाल्यांनी हरकत घेतली, की ही वाचनालयाची मालमत्ता, चांगली धडधाकट. ही फोडून आत काही न निघाले तर जबाबदार कोण? तेव्हा ठरले ऐसे, की कागद न निघाल्यास जिल्दसाजी खाते बरखास्त व्हावे आणि आक्कांनी त्याच टेबलावर राजीनामा लिहावा. आक्कांनी होय म्हटले. त्या साली आपण अशा वह्या दोन बांधल्या होत्या, एक दाखल आणि एक देवघेव, आणि कागद कोणतीत गेला याची शपथ घेण्याइतकी खात्री नाही, हे त्यांस होय म्हटल्यावर आठवले.

मग आक्कांनी सुरी घेतली. एकतीस वर्षांत त्यांणी मोडकी पुस्तके हजारो उसवली, पण धड जिल्दीवर सुरी कधी चालवली नव्हती, आणि ही तर त्यांच्या हातची सर्वांत चांगली. सुरीचे टोक सांध्यावर टेकले आणि हात थांबला. फीतवाले घड्याळ पाहू लागले. आक्कांनी वहीवर एकदा तळहात फिरवला, आणि मग सुरी वरपासून खालपर्यंत एका दमात ओढली. पुठ्ठा सुटला तेव्हा आवाज जाहला, आणि तो आवाज त्यांस आपल्याच हाडात जाहल्यासारखा वाटला.

पाठीवरचे कापड निघाले. खाली खळीने कडक झालेला कागद, वर अक्षर काही नाही, कारण लिहिलेली बाजू आत. आक्कांनी वही किटलीच्या वाफेवर धरली आणि हाडाच्या पट्टीने कागदाचे एक टोक उचलावयास घेतले, केसाएवढे, मग बोटभर, मग चार बोटे. अण्णा पुटपुटत होते की ही देवघेवीची वही असणार. आणि मग कागद सबंध सुटून हातात आला, आणि आक्कांनी तो उलटला, आणि त्यावर टाक्यांच्या पाच आडव्या खुणांमधून कैलासवासी ग्रंथपालांची सही जशीच्या तशी बाहेर आली.

बाईंनी तहनामा मोठ्याने वाचला. 'जोवर या वाचनालयात पुस्तके फाटतील तोवर' येथे त्या थांबल्या आणि चष्म्यावरून साऱ्यांकडे पाहून घेतले.

पण फीतवालेही काही लेचेपेचे नव्हते. त्यांणी तहनामा मान्य केला, सही मान्य केली, आणि म्हणाले की कलम नीट पाहावे. पुस्तके फाटतील तोवर. ही वही सतरा वर्षे वापरात आहे. गेल्या सहा दिवसांत तीन वेळा उंचावरून पडली, फरशी दुरुस्तीचा अर्ज मजकडे आला आहे. आणि वही फाटली नाही. ज्या वाचनालयात वह्या अशा बांधलेल्या, तेथे काही फाटतच नाही. म्हणजे आक्कांच्याच कामाने तहनाम्याची मुदत सरली. अण्णांनी डोळे मिटले. आपण सांगितले ते खरे ठरणार म्हणोन त्यांस मनातून थोडे समाधानही वाटले.

अध्यक्षबाईंनी एका हातात सुटा पुठ्ठा घेतला आणि दुसऱ्या हाताने उघड्या पडलेल्या पानांवर बोट ठेवले.

"मग हे काय आहे?"

"ते आत्ता यांनीच फाडलं, मॅडम."

"फाटलं ना?"

"फाटलं, पण..."

"कुणी फाडायचं ते कलमात लिहिलंय?"

फीतवाल्यांनी कागद पुन्हा वाचला. लिहिले नव्हते.

"मग दाखल रजिस्टर फाटलेलं आहे," बाई म्हणाल्या, "आणि सोमवारी मला ते धड पाहिजे. आक्का, शिवायला कुठं बसणार तुम्ही?"

"खिडकीत," आक्का म्हणाल्या.

टिपण घेणाऱ्या नणंदबाईंनी हा शब्द लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. मग हुकूम जाहला, की खोली टेबलासुद्धा जिल्दसाजांकडे जावी, तहनाम्याची नक्कल भिंतीस लावावी आणि असल कागद आक्का ठेवतील तेथे राहावा. काचेचे टेबल शुक्रवारी आले ते जिन्याखाली नेले. फीतवाल्यांनी जागा स्वतः मोजली. टेबल बसले, बारांतील पाच खुर्च्या बसल्या, आणि पहिल्या चर्चेत साहेबांनी दोन वेळा डोके आपटून घेतले.

येथे बखर संपावी, पण एक गोष्ट कोणत्याही दप्तरी नाही आणि ती लपवणे लिहिणाराच्या इमानास शोभत नाही. शुक्रवारी सकाळी आक्का खिडकीत बसल्या. उजेड तोच, टेबल तेच, समोर रजिस्टर उसवलेले. त्यांणी दोऱ्यास मेण लावले, सुई उजेडात धरली आणि दोरा ओवावयास गेल्या. ओवला गेला नाही. पुन्हा गेल्या. तिसऱ्या खेपेस त्यांणी हात मांडीवर ठेवले आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या. ज्याचेसाठी नऊ दिवस मोहीम केली, हेर नेमले, आपल्या हातची वही कापली, ते उजेडात नव्हतेच. ते डोळ्यांत होते आणि डोळ्यांचा तहनामा कोणी लिहून दिल्हा नव्हता.

तेव्हा दारातून नणंदबाई आत आल्या. त्या केव्हापासून उभ्या होत्या ते ठाऊक नाही. त्यांणी वहिनीच्या मांडीवरची सुई उचलली, दोरा ओवला, गाठ मारली आणि सुई परत दिल्ही.

"अण्णांकडून सुया ओवून घेत होतात ना? त्यांनी सांगितलं मला. खुळे आहेत, त्यांना वाटलं वेळ वाचतोय."

आक्कांनी ओवलेली सुई रजिस्टरावर ठेवली.

"उद्या चष्म्याचा नंबर काढून येऊ. मी येते बरोबर. माझाही वाढलाय."

"मला वाटलं हात गेले माझे," आक्का म्हणाल्या, आणि मग त्यांस रडू आवरले नाही.

"हात कसले जातात. फरशी फुटली तुमच्या हातानं," नणंदबाई म्हणाल्या. "झाकण कुठाय?"

येणेप्रमाणे मोहीम तडीस गेली. बेदखल जिल्दसाज आपले खोलीत फिरोन दाखल जाहले, रजिस्टर सोमवारी धड उभे राहिले, आणि तहनामा पुन्हा त्याच्याच पाठीत खळीने बसवला, कारण जाड कागद त्याही दिवशी संपला होता. हाती आले ते ऐसे: खोली एक, खिडकी एक, टेबल लाकडी एक, कुकरचे भांडे झाकणासहित एक, आणि सुई एक, ओवलेली. लिहिले ते वाचून पाहिले, बरोबर आहे.